दोन घरची जोडभाकरी

डेअरीत दूध घालायला गेले तर रांगेत सोजराक्काची चरवी दिसली नाही. ती रोज माझ्या पुढं असायची. माप घेणारा माणूस खाली बघत म्हणाला, "पहाटं गेली आक्का." माझं दूध तसंच हातात राहिलं... त्याला महिना होत आला. दुपारी डोळा लागला की अजून मला कांद्याचा आणि तापल्या दगडाचा वास येतो, आणि मी पुन्हा तलावाच्या कामावर असते.

मोठ्या दुष्काळात ईट गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं. खडी सगळ्या बाया मिळून फोडायच्या, पण जेवायला आम्ही बौद्धांच्या बाया वेगळ्या बसायचो. मी तर त्यांच्यातही पाठ फिरवून खायची. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, कोरडी, मोडकी, कुणाला दिसू नये वाटायचं. सोजराक्का मराठ्यांची सून. तिनं ते बघितलं असावं. एक दिवस सकाळीच, कामाला हात लावायच्या आधी, माझ्यासमोर येऊन बसली. "शांते, मला वरची भाकरी कमी पडतीया. तुजी दे."

मला कळेचना. तिनं आपली भाकरी फडक्यावर ठेवली. तिच्यावर लाल मिरचीचा ठेचा बोटांनी कडेपर्यंत ओढला, करडीच्या तेलाचे थेंब सोडले, कांदा मुठीनं फोडून पाकळ्या मांडल्या, कुठून तरी मिळवलेली पाथरीची पानं पसरली, शेंगदाण्याचं कूट भुरभुरलं. वर माझी भाकरी झाकली, फडकं बांधलं आणि त्यावर एक चपटा दगड ठेवला. "आता दुपारपतूर हात लावायचा न्हाय. मुरू दे."

दुपारी दगड उन्हानं तापला होता. फडकं सोडलं... कांद्याचं पाणी आणि तेल दोन्ही भाकऱ्यांत उतरलेलं, कोरडी मिलो मऊ पडलेली. दाताखाली आधी ती मऊ भाकरी, मग कांद्याची करकर, मग पाथरीची कडवट चव, आणि शेवटी ठेच्यानं डोळ्यांत पाणी. त्या दिवशी मी पहिल्यांदा माणसांकडं तोंड करून जेवले. मग ते रोजचंच झालं.

कुणीतरी तिच्या सासूच्या कानावर घातलं. सासू कामावर आली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "कुणाची भाकरी खातीस गं?" वाटलं, संपलं, आता आक्का उठून जाणार... तिनं हातातली अर्धी जोडभाकरी सासूपुढं धरली. "खालची आपली, वरची शांताची. घ्या आत्याबाई, येगळी करून दावा."

सासू तरातरा निघून गेली, पण दुसऱ्या दिवसापासून तिनं आक्काला चुलीपाशी येऊ दिलं नाही. आक्का दुपारी नुसता कांदा घेऊन आली. हसत म्हणाली, "आज दोनी तुज्याच."

पुढं पाऊस झाला, गावात डेअरी आली, जोडभाकरीत म्हशीची साय आली. आमचं बोलणं थोडं आणि खाणं फार. सासू मात्र आमच्या आळीकडं कधी फिरकली नाही. तलावावरचा तो दगड मी घरी आणला होता, चुलीपाशी असतो. आक्का गेल्यापासून त्याला मी हात लावला नव्हता.

परवा आक्काची सासू काठी टेकत आमच्या दारात आली. आता पार वाकली आहे. पदराखालून एक भाकरी काढली, अजून ऊन होती. तिनं भाकरी माझ्या हातावर ठेवली.

"खालची हाय," ती म्हणाली. "वरची तू कर."

आणि उंबरा ओलांडून चुलीपाशी बसली. मी दगड धुतला, परात पुढं ओढली...