हेझलचा उखाणा

"मॅडम काय म्हणतेस गं? ताई म्हण. तू घरचीच आहेस." पहिल्या दिवशी स्मिताताई असं म्हणाल्या, तेव्हा घरकामाला आलेल्या वसईच्या हेझलला वाटलं, देवच पावला. अबूधाबीच्या खलिफा सिटीत एवढा मोठा व्हिला आणि त्यात मराठी माणसं! पण घरचीच म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. घरच्या माणसाला सुट्टी कसली? घरच्या माणसाला चर्चला जायचं कशाला, मोबाइलवर मिस्सा बघ की. वेगळी खोली हवी कशाला, वॉशिंग मशीनशेजारी गादी मावते ना? आणि पासपोर्ट ताईंच्या लॉकरमध्ये, दागिन्यांशेजारी. "सांभाळून ठेवलाय हो, तू हरवशील." वा रे सांभाळणं!

सगळ्यांच्या आधी उठायचं, डबे भरायचे, ताईंच्या श्रियाला शाळेच्या बसमध्ये बसवायचं, ताईंच्या नवऱ्याच्या, वासुदेवसाहेबांच्या, गाडीवरची वाळू पुसायची. सगळे जेवून उठले की उरलंसुरलं ओट्याशी उभ्यानं खायचं. हेझल हे सगळं मुकाट्यानं सोसत होती ते एका आशेवर. तिच्या लिलीचं, एकुलत्या एक लेकीचं, पहिलं बाळंतपण मे महिन्यात होतं. ते आईनंच करायचं असतं. सुट्टीचा शब्द ताईंनीच दिला होता, आणि जावयानं, ॲरॉननं, तिकीटसुद्धा काढून पाठवलं होतं.

तेवढ्यात ताईंच्या नणंदेला, दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या अनन्याला, डॉक्टरांनी मे महिन्यातलीच तारीख दिली.

"सासूबाईंना गुडघ्यांमुळे येणं जमत नाही," ताई म्हणाल्या. "बिचारीचं पहिलं बाळंतपण आईविना! म्हणून तू दोन महिने तिच्याकडे राहायचंस. मी शब्द देऊन बसलेय. दिंकाचे लाडू करायला घे."

"आणि माझी लिली?"

"अगं, वसईत माणसं कमी आहेत का? तू डिसेंबरात जा, इन्शाल्ला. खलास."

उसनं पातेलं द्यावं तशी मला द्यायला निघाली ही बाई! हेझलचं डोकं भणभणलं. पासपोर्ट मागितला तर "बघू" म्हणाल्या. पुन्हा मागितला, तर ताईंनी बोलणंच टाकलं.

शनिवारी व्हिलात अनन्याचं डोहाळजेवण झालं. हॉलमध्ये फुलांचा झोपाळा, हिरव्या साड्या, हसणंखिदळणं. पेढा की बर्फी तेही झालं आणि उखाणे सुरू झाले. एकेकीला धरून नाव घ्यायला लावत होत्या. हेझल पन्ह्याचा ट्रे घेऊन आली, तशी एका पाहुणीनं तिचा हात धरला.

"अहो, तुम्ही वसईच्या ना? तुमच्याकडेही उखाणे घेतात की! चला, घ्या पाहू."

"घे गं," ताई हसून म्हणाल्या, "घरचीच तर आहेस."

उखाणा घेणारीला मध्येच कुणी थांबवत नाही, ही आपल्यातली रीत. हेझलनं ट्रे खाली ठेवला. आवाज खणखणीत निघाला.

"लेकीचं बाळंतपण तोंडावर, लॉकरमध्ये कोंडलाय पासपोर्ट,
जेरार्डचं नाव घेते, मला गाठायचाय एअरपोर्ट!"

सवयीनं टाळ्या पडल्या. मग एकेक हात थांबला.

"वेट, मम्मा," श्रिया म्हणाली, "तुझ्याकडे हेझल आंटीचा पासपोर्ट आहे? दॅट्स इल्लीगल!"

"गंमत करतेय हो ती," ताई कसनुसं हसल्या.

"गंमत नाही, मॅडम." हेझलच्या तोंडचं 'ताई' जे गेलं ते गेलंच. "आईविना बाळंतपण म्हणून अनन्याताईंसाठी तुमचा जीव तुटतो. मग माझ्या लेकीला आई नाही का? पासपोर्ट आणा. आत्ता. नाहीतर अशीच फाटकाबाहेर पडते आणि पोलिसांना हाच उखाणा ऐकवते."

झोपाळ्यावरून अनन्या एवढंच म्हणाली, "वहिनी, आणून दे. मला नको असं बाळंतपण."

ताई तणतणत वर गेल्या आणि त्यांनी पासपोर्ट आणून टेबलावर आपटला. हेझलनं तो उघडून आपला फोटो पाहिला, छातीशी खोचला आणि एप्रन सोडून खुर्चीवर टाकला.

"इतकं घरच्यासारखं वागवलं, आणि हे पांग फेडलेस!" ताईंचा आवाज चिरकला. मग त्यांना स्वयंपाकघर आठवलं. "निदान परातीतले लाडू तरी वळून जा. गार झालं की वळायचे नाहीत."

"तुम्हीच वळा, मॅडम," हेझल म्हणाली. "तुम्ही तर घरच्याच आहात."