सांज चुकवून येऊ

"चला बाई, सांज चुकवून येऊ."

किटली दोन बोटांवर अडकवून काकू माझ्या दारात उभ्या राहायच्या. दारात म्हणजे उंबऱ्याच्या बाहेर. आत या म्हटलं तरी येत नसत. आत आलं की बसावं लागतं, आणि थंडीच्या दिवसांत दिवस कलल्यावर बसायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

तुम्ही त्या काळी भिंगारला राहत असाल तर त्यांना नक्की पाहिलं असेल. ठेंगणी, सावळी बाई, नऊवारी लुगडं, त्यावर नवऱ्याचा जुना खाकी स्वेटर, आणि हातात झाकणाची ॲल्युमिनियमची किटली. तुम्हाला वाटलं असेल, दूध आणायला निघाली. तसं वाटावं म्हणूनच ती किटली होती. त्यांचं दूध रतीबाने सकाळीच घरी येत असे. संध्याकाळची किटली जाताना रिकामी असे आणि येताना रिकामीच असे.

आमच्याकडे तेव्हा पुरुष फिरायला जात आणि बायका कामाला जात. बाईमाणूस हात हलवत रस्त्याने निघालं की चार दारांतून विचारणा होई, "कुठं निघालात?" त्याला "कुठं नाही" हे उत्तर चालत नसे. त्यात दिवेलागणीची वेळ. शेजारची एक बाई एकदा टोमणा मारून गेली, की लक्ष्मी घरात यायच्या वेळेला काही जणी घराबाहेर पडतात. काकू शांतपणे म्हणाल्या, "येऊ द्या की. आमचे हे हायत घरात. लक्ष्मी त्यांनाच वळखती, पगार तेच आनत्यात."

हे म्हणजे काका. मिलिटरीच्या डेपोत स्टोअरकीपर होते. बोलणं मोजकं. काकू परत येईपर्यंत दिवा लावून, चहा करून, त्यावर बशी झाकून बसलेले असायचे. कुठे गेली होतीस, असं त्यांनी विचारलेलं मी कधी ऐकलं नाही.

मी भिंगारच्या शाळेत नव्याने लागले होते. माझी खोली त्यांच्याच कौलारू रांगेत, शेवटची. घरापासून लांब राहायची पहिलीच वेळ, आणि नोकरी मिळाली म्हणून सगळे इतके खूश होते की मला करमत नाही हे कोणाला सांगायची सोय नव्हती. एका संध्याकाळी मी दिवा न लावता तशीच खाटेवर बसून होते. काकूंनी दारातून पाहिलं. काय झालं, बरं नाही का, असलं काही विचारलं नाही. "उठा. चपला घाला," एवढंच म्हणाल्या. मीही मुकाट्याने उठले. चाळीस पोरांना दरडावणारी मी, पण त्या आवाजापुढे माझं काही चाललं नाही.

गवळीवाडा आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होता, पण काकू सरळ वाटेने जात नसत. आधी बाजारातून कॅंपाकडे, मग लिंबाच्या झाडांच्या रस्त्याने चर्चपर्यंत, परेडच्या मैदानाला वळसा, आणि मग गवळीवाडा. तिथे गोठ्याशी उभं राहून त्या म्हाताऱ्या गवळ्याला विचारायच्या, "म्हशी बऱ्या हायत का?" तो म्हणायचा, "बऱ्या हायत." झालं. तेवढ्यावर आम्ही परत फिरायचो.

परतीच्या वाटेवर चिंचेखाली एक जुनी विहीर होती. तिच्याजवळून जाताना काकू रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालायच्या. मी कारण विचारलं, तर त्यांनी भाजीचा भाव सांगावा तशा सुरात सांगून टाकलं.

"आमच्या आईला थंडी पडली की कसंतरी हुयाचं. दिवस कलला की जात्यापाशी बसून ऱ्हायची. दळन न्हाई, काय न्हाई. आमी पोरं हाका मारायचो. ती बघायची, हसायची बी, पन उठायची न्हाई. मग एका हिवाळ्यात उठली ती सरळ विहिरीवर गेली."

काकूंनी किटली या हातातून त्या हातात घेतली.

"मलाबी तेच हाय, बाई. नाक आईचं, रंग आईचा, आन् हेबी आईचंच. थंडी पडली की आत काळोख हुतो. ती बसली, म्हनून गेली. म्हनून मी बसत न्हाई."

आज यावर डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, मोठमोठे शब्द आहेत. काकूंकडे किटली होती. त्या संध्याकाळी मला त्यांची धास्ती वाटली आणि फार माया वाटली. त्यानंतर शाळेच्या वह्या तपासायच्या राहिल्या तरी मी त्यांच्याबरोबर जाणं चुकवलं नाही.

त्याच हिवाळ्यात लढाई सुरू झाली. कॅंप जवळ असल्यामुळे आमच्याकडे ब्लॅकआउट कडक होता. काचांना काळे कागद, दिवे बंद. सगळं भिंगार दिवस मावळायच्या आत दार लावून बसायचं. काकूंना बसणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघी अंधारात चाचपडत निघालो आणि चर्चच्या वळणावर एका शिपायाने अडवलं.

"कौन है? डिब्बे में क्या है?"

काकूंनी झाकण काढलं आणि किटली त्याच्यापुढे उलटी धरली. "बघ बाबा. काय न्हाई."

"खाली डिब्बा लेके कहाँ जा रही हो, माताजी?"

"दूध आनाया."

"गवलीवाडा तो उधर है."

"ठाव हाय मला," काकू म्हणाल्या. "पन हिकडनं लांब पडतं." 

शिपाई बिचारा गोंधळला. त्याने आम्हाला घरापर्यंत आणून सोडलं. काकूंनी त्याला वाटेत गाव विचारलं, आई आहे का विचारलं, आणि दारात आल्यावर काकांचा झाकलेला चहा त्याला पाजला. लढाई संपेपर्यंत तो पोरगा आम्हाला पाहिलं की दुसरीकडे बघायचा, म्हणजे आम्ही जाऊ शकू.

पुढचा हिवाळा दुष्काळाचा. रस्त्यांवर खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, नळाला पाणी येईल तेव्हा येईल. गवळीवाड्यातल्या म्हशी काही गुरांच्या छावणीत गेल्या, काही विकल्या गेल्या. गोठा मोकळा, पण म्हातारा गवळी तिथेच बसलेला असायचा. काकूंना पाहून त्याला वाईट वाटायचं. "काकू, दूध न्हाई वो. उद्याबी न्हाई."

"मी कधी मागितलं तुज्याकडं दूध?" काकू म्हणायच्या. "तू आपला न्हाई म्हन. मंजी मला माघारी जाता येतं."

मग तो रोज संध्याकाळी त्यांना नाही म्हणायला बसू लागला. 

परत येताना काकू एक दिवस त्या विहिरीच्या अंगाने चालू लागल्या. थेट काठावर गेल्या आणि वाकून पाहिलं. मी धावत मागे गेले. तळाला भेगा पडलेला गाळ होता.

"बघा बाई, यंदा हिच्यात पानीच न्हाई," त्या म्हणाल्या. "यंदा मी बसले तरी चालंल." आणि हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांचा दंड धरून मी त्यांना रस्त्यावर आणलं.

दुष्काळ सरला, पाऊस झाला, आणि काका रिटायर झाले. पाथर्डीच्या बाजूला त्यांचं गाव होतं. मुलगा तिथे शेती करायचा, चांगला कष्टाळू होता. ट्रंका बैलगाडीत चढल्या तेव्हा किटली काकूंनी हातातच ठेवली. "थंडीच्या आत येऊन जा," मला म्हणाल्या. मला जमलं ते पौषात. 

एसटीतून उतरून घर शोधत गेले तेव्हा दिवस मावळत होता. काकू ओट्यावर खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या वेळेला बसलेल्या मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मला पाहून हसल्या. पण उठल्या नाहीत.

मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. "चला काकू, सांज चुकवून येऊ."

"कुठं जायाचं, बाई?" त्या म्हणाल्या. "दोन म्हशी दारात हायत. दूध घरचं. पानी, सरपन सून आनती. किटलीत तिनं मीठ भरून ठिवलंय. पोरगं म्हनतं, आई, लई कष्ट केलेस, आता निस्ती बसून ऱ्हा."

यात कोणाचा दोष काढणार? मुलगा मायेनेच बोलत होता. काका संध्याकाळी देवळाच्या पारावर जाऊन बसत, कारण गावातली पुरुषमाणसं त्या वेळी पारावरच बसतात. बायकोसाठी चहा करून झाकून ठेवायचा हे भिंगारच्या खोलीत ठीक होतं, भरल्या घरात नव्हतं. आणि आईला सुख द्यायचं म्हणजे तिला बसवायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

रात्री चुलीपाशी मी सुनेला काकूंच्या आईची गोष्ट सांगितली. नवीनच लग्न झालेली, विशीतली मुलगी. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले.

"यांना रोज दिवेलागणीला काहीतरी काम सांगून बाहेर पाठव," मी म्हटलं.

"मी सांगू, आत्याबाईंना?" ती घाबरून म्हणाली. "सासूला कामाला लावली म्हनून सारं गाव मला नावं ठिवील, बाई. माज्या म्हायेरापर्यंत बोल जाईल."

तिचं खरं होतं. मी सकाळच्या गाडीने परत आले. यातून काही निष्पन्न होईल असं मला वाटत नव्हतं, आणि ती सगळी थंडी मी पोस्टमन दिसला की दचकत होते. पण वाईट पत्र आलं नाही.

पत्र आलंच नाही. पुढच्या हिवाळ्यात मुलगा स्वतः आला. बाजार समितीत काही काम होतं म्हणून आला होता. डोकं भादरलेलं होतं, त्यावरूनच मी समजले.

"कुठे?" माझ्या तोंडून पहिला शब्द हा निघाला.

त्याला प्रश्नाचा अर्थ लागला नाही. "घरीच. छातीत कफ झाला, ताप हुता. हातरुनातच गेली."

मी रडले. पण खरं सांगते, त्या रडण्यात सुटल्यासारखंही वाटत होतं. काकू अंथरुणात गेल्या होत्या.

भेटायला गेले ते पुन्हा संध्याकाळीच पोचले. ओटा रिकामा होता. सून मला आत घेऊन गेली, जवळ बसून डोळे पुसले, आणि मग उठून भिंतीतला कोनाडा दाखवला. त्यात काडीपेट्या होत्या. एकावर एक रचून कोनाडा वरपर्यंत भरला होता, आणि मावल्या नाहीत त्या खाली एका पाटीत होत्या.

"तुमी गेल्यावर दुसऱ्या दिसापास्नं," ती म्हणाली. "रोज दिवस कलला की म्हनायची, आत्याबाई, काडीपेटी संपली, वेशीभाईरच्या वाण्याकडनं एक आना. पैल्या दिवशी त्या लई येळ माज्याकडं बघत बसल्या. मग उठल्या."

"आणि गाव?"

"गाव म्हनलं की. सून पान्यात बघती, सासूला पळवती. माजी आई येऊन भांडून गेली. म्हनू दे." तिने पदराने नाक पुसलं. "एकदा वाणी म्हनला, म्हातारे, दोन घेऊन जा एकदम, खेप वाचंल. तर आत्याबाईच त्याला म्हनल्या, न्हाई, एकच दे. दोन नेल्यावर उद्याला काय ऱ्हाईल?"

म्हणजे काकूंना सगळं कळलं होतं. सून रोज काडीपेटी संपली म्हणून सांगत होती, सासू रोज एक आणत होती आणि दोघींच्या समोर तो कोनाडा भरत होता.

बाहेर अंधारून आलं. सुनेने कोनाड्यातली एक पेटी घेतली, काडी ओढून देवापाशी दिवा लावला, आणि काडी विझवता विझवता सवयीने ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, तेवढी काडीपेटी..."

ती तशीच दिव्यापाशी उभी राहिली.

मी उठले. दारातल्या चपला पायात घातल्या.

"एकच आणू ना?" मी विचारलं.

"एकच," ती म्हणाली.