मावशीच्या चौदा चिठ्ठ्या

घरोघरी इंटरनेटची वायर टाकून देणं हा माझा धंदा. या धंद्यातलं एक गुपित आज फोडतो. एखादं गिऱ्हाईक म्हणालं की तुमच्या वायफायनं डोकं दुखतं, तर वाद घालायचा नाही. "करतो बंद" म्हणायचं, राउटरच्या दिव्यांवर काळी चिकटपट्टी लावायची आणि निघायचं. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "अहो, काय हलकं वाटतंय!" नऊ जणांवर हा उपाय केला आणि नवाच्या नऊ जणांना गुण आला.

दहावी माझी सख्खी मावशी. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिनं एकतीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. काचेची भांडी धुवायची, तराजू नीट लावायचे आणि प्राध्यापकांनी आकडा चुकीचा लिहिला की हळूच खाकरायचं, ही तिची नोकरी. पट्टी लावून मी चपला घालतोय, तोवर तिनं आपला फोन माझ्या नाकासमोर धरला. यादीत घरच्या वायफायचं नाव ठळक दिसत होतं.

"दिवे झाकलेस. बंद कुठे केलंस?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मुकाट लॅपटॉप उघडला, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो आणि वायरलेस खरोखरच बंद केलं. आता इंटरनेट उरलं ते फक्त वायरीतून, आणि वायर पोचत होती बाहेरच्या खोलीपर्यंत. मावशी म्हणाली, बरं वाटतंय. मी म्हटलं, सुटलो.

पण तिच्या सुनेचे हाल सुरू झाले. तिचं काम म्हणजे दिवसभर घरून गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकणं. आतल्या खोलीत दार लावून बसणारी पोरगी आता दाराची बेल, कुकरची शिट्टी आणि सासूची ये-जा यांच्या मधोमध बसून "हो सर, समजलं सर" करू लागली. मी आतपर्यंत लांब वायर जमिनीवरून ओढून दिली, तर तिच्यात पाय अडकून सून आपटली. भिंतीला भोक पाडावं तर घर भाड्याचं, मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. पंधरवड्यात बातमी आली की मावसभाऊ आणि त्याची बायको दुसरीकडे दोन खोल्या बघून आलेत.

मावशीनं आदळआपट केली नाही. मला बोलावलं.

"मुलगा माझ्या डोक्यापायी घर सोडतोय. तर आधी हे डोकं खरं बोलतंय का ते बघू."

"मावशी, तू म्हणतेस ना दुखतं, मग दुखतं. विषय संपला."

"दुखतं ते मला ठाऊक आहे रे. कशानं, ते विचारतेय."

तिनं चौदा चिठ्ठ्या केल्या. सातांवर 'चालू', सातांवर 'बंद'. एका डब्यात घातल्या. रोज कामावर जाताना मी यायचं, एक चिठ्ठी काढायची, निघेल त्याप्रमाणे वायरलेस चालू किंवा बंद करायचं, माझ्या वहीत लिहायचं आणि वही पिशवीत घालून चालू पडायचं. दिव्यांवर पट्टी तशीच. सगळ्यांच्या फोनमधलं वायफाय बंद, सुनेचं काम वायरीवरच, म्हणजे घरात कुणालाच पत्ता लागायला नको. संध्याकाळी सहाला मावशी आपल्या वहीत लिहिणार, डोकं किती दुखलं आणि आज चालू होतं की बंद.

मी मनात म्हटलं, म्हातारीला रिकामपणाचे उद्योग. पण मावशीपुढे आपली जीभ चालत नाही. रोज सकाळी वाट वाकडी करून जात राहिलो.

नवव्या दिवशी मावशीचं डोकं दुपारपासून ठणकत होतं. पाच वाजता शेजारीण आली आणि सोफ्यावर बसल्या बसल्या म्हणाली, "तुमचं वायफाय दिसतंय की परत! पासवर्ड द्या ना जरा." दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मावशीच्या वहीत त्या पानावर आडवी रेघ. "कालचा दिवस रद्द. मला कळलं. चिठ्ठी परत टाक."

"अगं, पण काल चालू होतं आणि डोकंही दुखलं! तुझ्याच बाजूचा पुरावा तो."

"म्हणूनच जास्त सांभाळायचं. टाक परत."

त्या क्षणी माझा रिकामपणाचा विचार गळून पडला. पुढचे सगळे दिवस मी डबा नीट हलवून, डोळे मिटून चिठ्ठी काढली. एका माणसाचं घर त्या कागदाच्या कपट्यांवर टेकलेलं होतं आणि ते माणूस स्वतःला एक तसूभरही झुकतं माप द्यायला तयार नव्हतं.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी सहानंतर हिशेब झाला. मावशीची वही मी आधीच चोरून माझ्या वहीशी ताडून पाहिली होती. मावशीनं विचारलं, "किती जुळले?"

"दहा तरी जुळले बघ," मी दडपून दिलं. खोटं बोलायची सवय धंद्याचीच.

तिनं नुसता हात पुढे केला. मी वही दिली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ती पेन्सिलीनं एकेका दिवसावर खूण करत गेली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग तिसऱ्यांदा. प्रयोगशाळेतली खोड. मावसभाऊ दारात उभा होता, सून कानाचा हेडफोन काढून बघत होती.

"सात," मावशी म्हणाली. "चौदात सात. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. आणि जास्त दुखलं ते बंद असताना." तिनं चष्मा काढला, सुनेकडे वळली. "मी चुकले गं. तुला उगाच महिनाभर उघड्यावर बसवलं. करू दे याला चालू, जा तू आत."

सून जागची हलली नाही. "पण आई, मग तुमचं डोकं दुखतं कशानं?"

"माहीत नाही."

माझी चाळिशी उलटली. आमच्या घराण्यात वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून 'मी चुकले' आणि 'माहीत नाही' एकाच बैठकीत निघालेलं मी कधी ऐकलेलं नाही. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पाया पडावंसं वाटलं, पण ती रागावली असती.

सुनेनं कानावरचे केस मागे सारले, खुर्ची ओढून सासूच्या शेजारी बसली आणि वहीचं कोरं पान काढलं. "चहापासून सुरुवात करू. दिवसातून सहा वेळा घेता तुम्ही. चिठ्ठी निघेल तशी नेहमीची नाहीतर कॅफीन काढलेली पावडर. चिठ्ठ्या मी काढणार, तुम्ही बघायचं नाही."

"आणि चव कळली तर?"

"तर तो दिवस रद्द."

मावसभावानं दारातूनच घसा साफ केला. "अगं, त्या खोल्यांच्या मालकाला आज सांगायचंय. काय कळवू?"

"कळव," सून पानावर रेघा आखत म्हणाली, "की पुढचे चौदा दिवस आम्हाला अजिबात सवड नाही."