न घातलेला टाका

ड्रायक्लीनिंगच्या दुकानामागच्या खोलीत, खिडकीपाशी ती बसायची. डोळ्यावर भिंग, मांडीवर कुणाचा तरी कोट. कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे असे विणायचे, की ज्याचा कोट त्यालाही जागा सापडू नये. सव्वीस वर्षं हेच काम. दुकानात तिला रफूवाली म्हणत. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. नावाने हाक मारणारी एक थोरली बहीण उरली होती, तीही दुसऱ्या गावी, रविवारच्या फोनवर.

गिऱ्हाईक भोक दाखवायचं. ती त्याच्या आजूबाजूचं विरलेलं कापडही धरून घ्यायची. आज विरलंय ते उद्या फाटणार, यावर तिचा पक्का विश्वास होता.

म्हणूनच डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिला पटेना. गर्भाशयाच्या मुखाच्या नेहमीच्या तपासणीत पेशींमध्ये सौम्य बदल दिसले होते. मग दुर्बिणीतून नीट पाहिलं, बारीकसा तुकडा तपासला. तेच निघालं.

"हा कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बहुतेक बायकांचं हे वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातं. काहींचं तसंच राहतं. थोड्याजणींचं वाढतं, पण फार सावकाश. तपासणी चुकवली नाही तर ते वेळेत सापडतं, आणि मग उपचार आहेत. वर्षाने या."

"आणि तोवर?"

"तोवर काही नाही."

"मग आत्ताच काढून टाका ना."

"जे आपलं आपण जाणार आहे त्यासाठी चांगल्या भागाला जखम कशाला करायची?"

हे एका विषाणूमुळे होतं, तो संबंधातून येतो आणि वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतो, हेही त्यांनी सांगितलं. कधी आला, कुणाकडून आला, ते कुणालाच सांगता येत नाही. ते ऐकताना तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. नऊ वर्षं एकट्या राहणाऱ्या बाईने हे बहिणीला कोणत्या तोंडाने सांगायचं? फॉर्मवर जवळच्या व्यक्तीचं नाव विचारलं होतं. तिथे तिने आडवी रेघ मारली.

त्या रविवारी बहिणीने विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "मजेत." मग बहिणीच्या गुडघ्यांचं बोलणं झालं.

पण रोज सकाळी खिडकीपाशी बसलं की तिला वाटे, आत विरत चाललंय आणि आपण नुसतं बघतोय. शेवटी तिने दुसरा एक डॉक्टर गाठला. त्याने कागद जेमतेम चाळले. "शुक्रवारी या. जाळून टाकू, विषय संपला." तिला हायसं वाटलं.

गुरुवारी दुपारी सुई बोटात गेली. इस्त्रीवाला समोरच्या टेबलावर पँट दाबत होता. बारा वर्षं दोघं एका खोलीत काम करत होती. बोलणं मात्र कपड्यांपुरतं.

"बाई, रक्त कोटाला लावू नका. मालक कोटाबरोबर तुम्हालाही धुवायला टाकतील."

तिने बोट तोंडात धरलं.

"रोज टोचून घेता," तो म्हणाला, "पण बोटाला कधी रफू केल्याचं पाहिलं नाही."

"बोटाला कशाला? उद्यापर्यंत भरतं."

सुई बाजूला ठेवून ती हाताची बोटं खिडकीच्या उजेडात धरून पाहत राहिली. इतक्या वर्षांत हजारदा टोचली असतील. एकही जागा सापडेना.

शुक्रवारी ती दुकानातच बसली.

वर्ष मोठं गेलं. तपासणीच्या दिवशी समोरच्या बाकावर बायकांच्या सोबतीला कुणाच्या सासवा, कुणाच्या मुली बसल्या होत्या. तिने शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवली. निकाल तोच आला. "गेलेलं नाही, पण वाढलेलंही नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून एक वर्ष बघू." ती घरी आली, एकटीपुरता भात लावला आणि तो गार होईपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली. दुसऱ्या डॉक्टरचा नंबर मात्र तिने फाडून टाकला.

त्याच्या पुढच्या वर्षी कागद स्वच्छ आला. "पुढची तपासणी चुकवू नका मात्र," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. दवाखान्याच्या पायरीवर तिने तो कागद दोनदा वाचला. दाखवायला कुणी नव्हतं. तिने बहिणीला फोन लावला.

"मंगळवारी फोन? कोण गेलं?" बहिणीने विचारलं.

"कुणी नाही गेलं गं." आणि मग तिने सगळं सांगितलं, विषाणूसकट.



"दोन वर्षं," बहीण म्हणाली. "आणि मी तुला दर रविवारी माझे गुडघे ऐकवत होते."

"तू ही तपासणी कधी केलीस?"

"मला काय झालंय?"

"मलाही काही होत नव्हतं."

बहीण हळूच म्हणाली, "मी येऊ का?"

"आता कशाला? झालं सगळं," ती सवयीने म्हणाली. कागदाची घडी घालून तिने पिशवीत ठेवली. फोन अजून कानाशीच होता.

"ये," ती म्हणाली.