तात्यांनी निवडलेले हातमोजे

लेकीला मुलगी झाली आणि लोकरीचे हातमोजे आणायला तात्या थंडीत स्वतः निघाले. “मी आणते की,” असं बायको म्हणाली, तर तिच्यावरच खेकसले, “तू रंग बघत बसशील. शिवण कोण बघणार?” जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस, दुसऱ्याने केलेल्या जोडावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता.

दुकानात त्यांनी पिशवीसारखे ते चिमुकले हातमोजे एकेक करून उलटे केले आणि चष्मा कपाळावर चढवून शिवणी तपासल्या.

“हा दोरा सुटलाय. पोरीच्या बोटाला गुंडाळला गेला म्हणजे?”

दुकानातल्या बाई वैतागल्या. “अहो आजोबा, मऊ आहेत का ते तरी हात लावून बघा!”

“या हातांना डोंबल कळतंय!” चटके खाऊन राठ झालेले तळवे तात्यांनी त्यांच्यापुढे धरले आणि हातमोजे गालावर घासायला सुरुवात केली. दोन जोड्या टोचल्या. पिवळी मात्र बराच वेळ गालावरच राहिली. बाईंनी हसू दाबलं.

घरी लेकीने बाळाला ते घातले. अगदी बेताचे बसले. तात्यांचा चेहरा मात्र पडला. सकाळीच बाळाने त्यांचं बोट मुठीत घट्ट धरलं होतं. आता कसं धरणार?

“एक काढ,” ते म्हणाले.

“तात्या, गार पडेल ना तिचा हात!”

“काढ म्हणतो ना. त्या हाताला मी आहे.”