लसीभोवतीचा बर्फ

सरबताच्या पेल्यात बर्फ वाजला की माझा संताप आजही जागा होतो. नेकनूरकडच्या त्या दुष्काळात आमच्या सहकारी संस्थेने बायकांना कोंबडीची पिल्ले वाटली. वाटपाआधी पिल्लांना मॅरेक्स रोगाची लस टोचायची होती, आणि चिटणिसांनी लसीभोवतीचा बर्फ अध्यक्षांच्या सरबतासाठी काढून घेतला. तिसऱ्या महिन्यात कोंबड्या लुळ्या पडल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हा विषाणू शरीराच्या राखणदार पेशींतच लपतो. लागण होण्याआधी टोचलेली, थंड राखलेली लस हाच उपाय. “लस तर टोचलती, मग कावून? आता पुन्ना ऊसतोडीलाच जायचं का?” एका सभासद बाईंनी विचारले. “पानीच पाजलं नसंल तुमी, मावशी,” चिटणीस हसले. मला सारे ठाऊक होते. पण त्या सरबताचा एक पेला मीही रिकामा केला होता, आणि हे त्या बाईंना सांगायला मी आजवर गेलेलो नाही.