तारलीच्या तेलातला टर्बो

मासे मी आवडीने खाते, हे आधीच सांगून ठेवते. बांगडा, पेडवे, सुंगटं, मला कशाचंच वावडं नाही. पण त्या जानेवारीत आमच्या घरापुढच्या खळ्यात जो वास सुटला, त्याला मासळीचा वास म्हटलं तर मासळीचा अपमान होईल.

आमच्याकडे जुनी डिझेल जीप आहे. डोंगरमाथ्यावर, सड्यावरच्या हापूसच्या बागेत जायला तीच एक, कारण चिऱ्यांतून चढणाऱ्या आमच्या घाटीत दुसऱ्या गाडीचं पोटच टेकतं. आदल्या वर्षी मोहराच्या दिवसांत तिच्यात फवारणीचा पंप, पाण्याचा ड्रम आणि पुढच्या सीटवर बाबा, म्हणजे माझे सासरे, असं सगळं भरलं होतं. अर्ध्या घाटीत इंजिनाने मान टाकली आणि जीप मागे सरकायला लागली. ह्यांनी ब्रेकवर उभं राहून आणि मी चाकामागे धोंडा सारून ती थांबवली. सासरे खाली उतरले ते थरथरतच.

‘माका परत वर न्हेव नको रे. तुमीच जावा,’ ते म्हणाले.

त्या बागेतलं एकेक कलम बाबांनी स्वतः लावलेलं. आता गुडघ्यांमुळे घाटी चालणं अशक्य आणि जीपची धास्ती बसलेली. यंदा मोहर आल्यापासून ते रोज पडवीत बसून विचारायचे, ‘मोहर कसो आसा?’ आम्ही बरा आहे म्हणायचो. तेवढ्याने त्यांचं समाधान व्हायचं नाही आणि ह्यांचंही. इंजिनाने पुन्हा धापा टाकल्या तर बाबा उतरून बसतील, हे ह्यांना ठाऊक होतं. म्हणून जीपला टर्बो लावायचा आणि मोहर झडायच्या आत बाबांना वर न्यायचं, असं ह्यांनी ठरवलं. हेतू चांगला होता, ते मी कधीच नाकारलं नाही. पण चांगल्या हेतूला इतकी घाण लागते, हे मला ठाऊक नव्हतं.

टर्बो वैभववाडीच्या पुढे एका भंगारवाल्याकडे मिळाला. गोगलगायीसारखी दिसणारी, गंजलेली, काळ्या चिकट मळाने माखलेली वस्तू. इंजिनाच्या धुराने तिच्यातला पंखा फिरतो आणि हवा दाबून इंजिनात भरतो, म्हणून जोर वाढतो, असं ह्यांनी मला कौतुकाने समजावलं. समजावता समजावता ती वस्तू डिझेलमध्ये बुडवून घासत होते, आणि बुडवली होती माझ्या घावण्यांच्या पिठाच्या पातेल्यात! ते पातेलं मी त्याच दिवशी उकिरड्यावर टाकलं.

काम सुरू झालं ते थेट खळ्यात, तुळशीसमोर. जोडणीला ह्यांचा विजयदुर्गाचा मित्र आला होता. त्याचा जन्म ट्रॉलरची इंजिनं उघडण्यात गेलेला, आणि इंजिन म्हणजे इंजिन, मग ते पाण्यात असो की रस्त्यावर, असा त्याचा सिद्धांत. दोघांनी इंजिनाखालची तेलाची टाकी उतरवली, कारण टर्बोतून परतणाऱ्या तेलाला तिच्यात वाट करून द्यायची होती. उतरवताना उरलेलं काळं तेल माझ्या सारवलेल्या खळ्यावर सांडलं. शेणाच्या सारवणात ते असं मुरलं की वर कितीदा सारवलं तरी डाग खालून डोकं काढायचा. हात पुसायला ह्यांनी दोरीवरचा माझा परकर घेतला. जामसंड्याहून आणलेले रबरी पाइप बसेनात, तेव्हा दोघांनी मिळून त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या बाबांनीही पडवीतून मान डोलवत ऐकल्या. शेवटी बॉनेट बंद होईना. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

हे सगळं मी गिळलं असतं. पण मग मित्राने पिशवीतून एक बाटली काढली.

‘ह्यां काय?’ मी विचारलं.

‘तारलीचां त्याल, वयनी. खारो वारो लागता लोखंडाक. ह्यां लावलां नाय तर गंजान जातला.’

होडीच्या लाकडाला चोपडतात ते हे माशाचं तेल. नुसतं झाकण उघडलं तर घरातली मांजरं वेडी झाली आणि मला ओकारी आली. त्याने ते टर्बोला बाहेरून चोळलं, सायलेन्सरच्या पाइपाला चोळलं, आणि पाइपाभोवती गुंडाळायची कापडी पट्टी तर त्यात भिजवूनच गुंडाळली. ट्रॉलरवर म्हणे नेहमी असंच करतात. करत असतील. पण त्याच्या ट्रॉलरवर धुराच्या पाइपाला समुद्राचं पाणी थंड ठेवतं. आमच्या जीपमध्ये समुद्र कुठून येणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. बाबा पुढे, मी मागे. जीप घाटीला लागली आणि खरंच सांगते, ती चढली. शिटीसारखा आवाज करत, एकदाही न अडखळता. पण टर्बो तापला, तसं ते तेल जळायला लागलं. धूर डॅशबोर्डखालून आत घुसला. चार दिवस उन्हात कुजलेली तारली कोणी टायरवर भाजतंय, असा वास. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी पदर नाकात कोंबला, हे खिडकीबाहेर तोंड काढून गाडी चालवत होते. वाटेत बकऱ्या घेऊन चाललेली बाई आम्हाला बघून सरळ पाठ फिरवून उभी राहिली. इतकी किळस मला आयुष्यात आली नव्हती, आणि अशी लाजही. बाबा मात्र समोर बघत, हात मांडीवर ठेवून निवांत बसले होते. मला वाटलं, वर जायच्या आनंदात सहन करतायत.

बागेत पोचताच मी उडी मारून लांब पळाले. मोहर असा गच्च आला होता की माझ्या लुगड्याला लागलेल्या त्या दुर्गंधीतूनही त्याचा वास आला. गोड, किंचित तुरट. बाबा काठी टेकत पहिल्या कलमापाशी गेले. त्यांनी एक तुरा खाली ओढला आणि त्यात नाक खुपसलं. पुन्हा खुपसलं. मग दुसऱ्या फांदीकडे गेले.

‘ह्या वर्साक मोहराक वास नाय गो,’ ते मला म्हणाले. ‘तुका येता काय?’

तेव्हा मला कळलं. जीपमध्ये त्यांनी काहीच सहन केलं नव्हतं. त्यांना तो वास आलाच नव्हता. आता कुठलाच येत नव्हता.

मीही एक तुरा खाली ओढून हुंगला.

‘नाय बाबानू,’ मी म्हटलं. ‘त्या मेल्या त्यालान सगळ्यांच्या नाकाचां वाटोळां केल्यान. माकाय कसलोच वास येना नाय.’

ह्यांनी काही बोलायला तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

बाबांनी तुरा हळूच सोडला आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाले, ‘फुडल्या वर्साक तां त्याल लावू नको रे. माका मोहराचो वास घेवचो आसा.’